महामारी आणि मुंबईकरांचे रोजचे येणे-जाणे

प्रश्न असा विचारण्यात आला आहे की, महामारीच्या काळात शहरातील लोकांचे रोजचे येणे-जाणे नेमके कसे बदलते, आणि साथ ओसरल्यावर ते पूर्ववत होते की काही बदल कायमचे राहतात? मुंबई महानगर प्रदेशातील वाहतूक नियोजनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे मी हे उत्तर मुंबईपुरते आणि मुख्यतः २०२० च्या कोरोना साथीच्या अनुभवावरून देतो. शहरे वेगवेगळी असतात. एका शहराचा अनुभव नीट तपासून मांडला तर तो दहा शहरांच्या ढोबळ वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

साथीच्या काळात शहराचा प्रवास कमी होतो हे खरे असले, तरी तो सर्वांचा सारख्या प्रमाणात कमी होत नाही. काहींचा प्रवास जवळजवळ थांबतो, काहींचा तसाच चालू राहतो आणि काहींचा पूर्वीपेक्षा लांब, महाग व दमवणारा होतो. कोणाच्या वाट्याला यांपैकी काय येईल हे रोगाच्या भीतीपेक्षा कामाचे स्वरूप, घर आणि कामाची जागा यांमधील अंतर आणि सरकारने दिलेली परवानगी या तीन गोष्टींवर अधिक अवलंबून असते. साथ संपल्यानंतर काय टिकते याचे उत्तरही तिथेच सापडते. ज्यांना त्या काळात दुसरा, बऱ्यापैकी सोयीचा मार्ग मिळाला त्यांच्या सवयी बदलल्या. ज्यांना तो मिळाला नाही ते पहिल्या संधीला जुन्या गाडीत परत आले.

मुंबईतील आरंभीची स्थिती लक्षात घेतल्याशिवाय पुढचे समजणार नाही. २०२० पूर्वी उपनगरी रेल्वेतून दररोज ७५ ते ८० लाख प्रवासी प्रवास करीत, आणि बेस्टच्या बसमधून सुमारे ३० लाख. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या मिळून तीन हजारांहून अधिक लोकल फेऱ्या रोज होत. बारा डब्यांच्या गाडीत बसण्याची सोय सुमारे १,२०० जणांची. सकाळच्या गर्दीत त्याच गाडीत साडेचार-पाच हजार माणसे असत. याचा अर्थ असा की, या शहराची अर्थव्यवस्थाच माणसामाणसांत अंतर नसण्यावर उभी होती. संसर्गजन्य रोगाच्या काळात जी एक गोष्ट टाळायची, तीच या शहराच्या वाहतुकीची मूळ अट होती.

२२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला आणि त्याच मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या. त्यानंतर २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. युद्धात, दंगलीत, बॉम्बस्फोटांनंतर किंवा महापुरानंतर लोकल काही तास वा एखाद-दोन दिवस थांबल्या होत्या. आठवडेच्या आठवडे त्या बंद राहण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. १५ जूनला त्या पुन्हा सुरू झाल्या, परंतु केवळ राज्य सरकारने ठरवलेल्या अत्यावश्यक सेवांतील कर्मचाऱ्यांसाठी, आणि एका गाडीत सुमारे ७०० प्रवासी या मर्यादेने. या आकड्यावर थोडे थांबून गणित करणे आवश्यक आहे. एका गाडीत ७०० प्रवासी धरले तर पूर्वीच्या सगळ्या फेऱ्या चालवूनही जेमतेम २१-२२ लाख लोकांची ने-आण झाली असती. ८० लाखांसाठी अकरा हजारांहून अधिक फेऱ्या लागल्या असत्या, आणि तेवढ्या फेऱ्या या रुळांवर चालवणे कोणत्याही सिग्नल यंत्रणेला शक्य नाही. म्हणून प्रवाशांची निवड करणे अटळच होते. ती निवड कोणत्या निकषावर झाली, हा खरा चर्चेचा विषय आहे.

निकष लावला गेला तो ओळखपत्राचा. सरकारी, पालिकेच्या वा रुग्णालयाच्या नोकरीचे ओळखपत्र ज्याच्याजवळ होते त्याला गाडी मिळाली. खासगी कंपनीतील लेखनिक, दुकानातील नोकर, घरकाम करणारी बाई, गाळ्यात काम करणारा कारागीर यांना मिळाली नाही. पुढे त्यांच्यापैकी अनेकांची कामे सुरू झाली, कारण जूनपासून 'मिशन बिगिन अगेन'अंतर्गत दुकाने आणि कार्यालये टप्प्याटप्प्याने उघडू लागली होती. काम उघडले आणि त्या कामापर्यंत नेणारी गाडी मात्र बंद राहिली. या विसंगतीचा सर्वाधिक भार डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातील चाकरमान्यांवर पडला.

डोंबिवली पूर्वेच्या इंदिरा चौकातील त्या दिवसांतील रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना हे वेगळे सांगायला नको. पहाटेपासून लोक बससाठी उभे राहत. सुरक्षित अंतर राखण्यासाठी बसमध्ये मोजकेच प्रवासी घ्यायचे असा नियम होता, त्यामुळे रांग पुढे सरकत नसे. आणि त्या अंतराच्या नियमाखातर रांगेत मात्र माणसे तासन्‌तास एकमेकांना खेटून उभी असत. बस मिळाली तरी कल्याण-शीळ रस्त्यावरील कोंडी पुढे होतीच. जलद लोकलने तासाभरात होणारा प्रवास तीन-तीन तासांवर गेला. संसर्ग टाळण्यासाठी केलेल्या व्यवस्थेने लोकांना रेल्वेच्या फलाटावरून उचलून बसच्या रांगेत आणून ठेवले, एवढाच त्याचा परिणाम झाला. जुलै २०२० मध्ये नालासोपाऱ्यात एसटीच्या बस न मिळाल्याने संतापलेले प्रवासी रेल्वे रुळांवर उतरले, त्यामागे हीच परिस्थिती होती. बेस्टने या काळात आपली नेहमीची हद्द ओलांडून विरार, बदलापूर, पनवेलपर्यंत बस चालवल्या, आणि एसटीच्या गाड्याही राज्याच्या इतर भागांतून चालक-वाहकांसह मुंबईत आल्या. या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना संसर्ग झाला आणि कित्येकांनी प्राण गमावले. शहर चालू राहिले ते त्यांच्या जिवावर, आणि त्याची नोंद नियोजनाच्या कागदपत्रांत पुरेशी झालेली नाही याची मला खंत वाटते.

यानंतर परवानगी वेळेनुसार वाटली गेली. २१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व महिलांना लोकलने प्रवास करता येऊ लागला, परंतु सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर. घरकाम करणाऱ्या, कार्यालयांची साफसफाई करणाऱ्या किंवा डबे करून देणाऱ्या बाईचा दिवस सकाळी सहा-साडेसहाला सुरू होतो. ११ वाजता मिळणाऱ्या गाडीचा तिला उपयोग काय, हा विचार त्या वेळापत्रकात दिसत नाही. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांनाही मुभा मिळाली: पहिल्या लोकलपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४, आणि रात्री ९ नंतर. बदलापूरहून महात्मा फुले मंडईतील दुकानात कामाला येणाऱ्या माणसाचा दिवस या नियमात बसवून पाहावा. सात वाजण्याच्या आत गाडी पकडायची, म्हणजे साडेआठच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचायचे. दुकान दहाला उघडते, तोपर्यंत कुठेतरी थांबायचे. सायंकाळी सात-आठला दुकान बंद झाले तरी नऊपर्यंत गाडी नाही, आणि घरी पोहोचेपर्यंत साडेदहा उलटलेले. आठ तासांच्या कामासाठी सोळा तास घराबाहेर. एकूण प्रवासी संख्येच्या आलेखात हा माणूस 'पुन्हा प्रवास करू लागलेला' म्हणून मोजला जातो. त्याच्या दिवसाचे काय झाले ते त्या आलेखात येत नाही.

हीच अडचण मोबाइल फोनच्या स्थाननोंदींवरून काढलेल्या आकड्यांची आहे, आणि त्यांविषयी सावधगिरीने बोलणे आवश्यक आहे. गूगलने त्या काळात देशोदेशींचे आणि भारतातील जिल्हावार हालचालींचे अहवाल प्रसिद्ध केले, ते ऑक्टोबर २०२२ पर्यंत चालू होते. कामाची ठिकाणे, दुकाने, उद्याने, वाहतूक स्थानके, निवासी भाग अशा वर्गांत हालचाल किती टक्क्यांनी वाढली वा घटली हे त्यांत दिसे, आणि तुलनेचा पाया होता ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हे पाच आठवडे. पहिली मर्यादा ऋतूची: जानेवारीतील मुंबईशी जुलैतील मुसळधार पावसातील मुंबईची तुलना केली तर साथ नसतानाही फरक दिसेल. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ज्याच्याजवळ स्मार्टफोन आहे आणि त्यात स्थाननोंद चालू आहे, तोच या आकड्यांत असतो. घरात एकच फोन असेल आणि तो मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी घरी ठेवलेला असेल, तर कामाला बाहेर पडलेली आई त्या नोंदीत घरीच बसलेली दिसते. अशा आकड्यांवरून शहराची एकंदर दिशा कळते. कोणावर किती भार पडला, हे त्यांवरून ठरवू नये.

आतापर्यंत लांबच्या प्रवासाविषयी सांगितले. जवळच्या हालचालींची गोष्ट निराळी आहे. जून २०२० च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी कार्यालय आणि वैद्यकीय गरज वगळता घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जाऊ नये असे फर्मान काढले आणि काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले. एप्रिल २०२१ मध्ये अत्यावश्यक कामाची वाहने ओळखण्यासाठी त्यांच्यावर लाल, हिरवे, पिवळे स्टिकर लावण्याची पद्धत आली, तीही आठवड्याभरातच गेली. दोन्ही उपाय वाहनधारकाला डोळ्यांपुढे ठेवून आखलेले होते. परंतु या महानगरातील एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायीच होतात, आणि त्यांतील बहुतेक दोन किलोमीटरच्या आतच संपतात. धारावीत एप्रिल २०२० मध्ये पहिला रुग्ण आढळला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या त्या वस्तीत लाखो लोक राहतात आणि त्यांतील बहुसंख्यांना शौचालयासाठी घराबाहेर पडावेच लागते. दिवसातून अनेकदा होणारी ती शे-दोनशे पावलांची फेरी वाहतुकीच्या कोणत्याही सर्वेक्षणात नोंदली जात नाही, पण संसर्गाच्या दृष्टीने ती लोकलच्या प्रवासाइतकीच महत्त्वाची होती. 'घरी राहा' हे सांगणे ज्या घरात शौचालय, पाणी आणि जागा आहे त्याच घराला लागू पडते. त्यामुळे साथीच्या काळात हालचाल कमी करायची असेल तर काही ठिकाणी तो प्रश्न वाहतूक विभागाचा राहत नाही, तो पाणीपुरवठ्याचा आणि घरबांधणीचा होतो.

२०२० च्या उन्हाळ्यात मुंबई-नाशिक महामार्गावरून, कसारा घाटातून पायी निघालेल्या स्थलांतरित मजुरांचे तांडे महाराष्ट्राने पाहिले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडून मरण पावले. जालन्याहून ते भुसावळच्या दिशेने चालत निघाले होते. मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक विशेष गाड्या १ मेपासून सुरू झालेल्या असूनही हे घडले. सार्वजनिक वाहतूक बंद केली म्हणजे प्रवासाची गरज संपते असे गृहीत धरले गेले, आणि त्या गृहीतकाची किंमत त्या लोकांनी दिली.

अपघातांविषयी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या लोहमार्गांवर २०१९ मध्ये अडीच हजारांहून अधिक माणसे मेली होती. २०२० मध्ये ही संख्या निम्म्याहून कमी झाली. रस्त्यांवर मात्र तसे घडले नाही. देशभरात २०२० मध्ये रस्ते अपघात साडेअठरा टक्क्यांनी घटले, तर मृत्यू तेरा टक्क्यांच्या आसपासच घटले: १,५१,११३ वरून १,३१,७१४. म्हणजे प्रत्येक अपघात सरासरीने अधिक प्राणघातक ठरला, आणि मोकळ्या रस्त्यावर वाढणारा वेग हे त्याचे मुख्य कारण असावे असे मी मानतो. रेल्वेतील मृत्यू मुख्यतः रूळ ओलांडताना आणि गर्दीच्या गाडीतून पडून होतात, आणि प्रवासी घटले की तेही घटतात. रस्त्यावरील मृत्यू वेगाशी बांधलेले आहेत, आणि रस्ता रिकामा झाला की वेग वाढतो.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना मासिक पास मिळू लागला आणि पुढच्या काही महिन्यांत गर्दी परतली. मात्र ती जशीच्या तशी परतली नाही. घरून काम करता येणारा वर्ग, म्हणजे बँकांची मुख्यालये, माहिती तंत्रज्ञान, विमा आणि सल्ला कंपन्यांतील कर्मचारी, आठवड्यातून दोन-तीन दिवसच कार्यालयात जाऊ लागला. त्यामुळे सोमवार आणि शुक्रवारची गर्दी काहीशी कमी झाली, पण मंगळवार ते गुरुवार ती तशीच राहिली. नियोजनकाराला गाड्या सर्वाधिक गर्दीच्या दिवसाच्या हिशेबाने लागतात, त्यामुळे एकूण प्रवासी घटूनही डबे, कर्मचारी आणि वीज यांचा खर्च घटत नाही, आणि उत्पन्न मात्र घटते. सार्वजनिक वाहतुकीपुढील हा पेच साथीनंतरचा आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

मासिक पासाची रचनाही इथे पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात येतो, म्हणजे महिन्यातून आठ दिवस येजा केली की पास वसूल. आठवड्यातून दोनच दिवस जाणारा माणूस नेमका या सीमारेषेवर उभा असतो. पास हातात असलेला मुंबईकर सुटीच्या दिवशीही लोकलनेच फिरतो, कारण ती फेरी त्याला फुकट पडते. पास सोडलेला माणूस प्रत्येक वेळी नव्याने विचार करतो की लोकल, रिक्षा, मेट्रो की स्वतःची दुचाकी. ५ मे २०२२ पासून वातानुकूलित लोकलचे एकेरी तिकीट निम्म्याने स्वस्त झाले, किमान भाडे ६५ रुपयांवरून ३० वर आले, आणि त्यानंतर त्या गाड्यांना प्रवासी मिळू लागले. अधूनमधून प्रवास करणाऱ्या वर्गाला ही सोय नेमकी जुळली, असे मला वाटते. एप्रिल २०२२ मध्ये मेट्रो २ अ आणि ७ यांचा पहिला टप्पा सुरू झाला, त्यालाही याच बदललेल्या सवयींच्या काळात प्रवासी मिळाले.

उलट बाजूला डबेवाले आहेत. त्यांचे सगळे गणित रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी बसणाऱ्या नोकरदारावर आणि लोकलच्या सामानाच्या डब्यावर आधारलेले होते. लोकल थांबल्यावर त्यांचे काम थांबले. लोकल सुरू झाल्यावर ग्राहक आठवड्यातून तीनच दिवस कार्यालयात येऊ लागला. अनेक जण मावळ, खेड, जुन्नरकडील आपल्या गावी गेले ते परत आले नाहीत. एका वर्गाची सोय दुसऱ्याच्या पोटावर कशी येते, ते इथे स्वच्छ दिसते.

दुचाक्यांची वाढ हा मला सर्वांत चिंताजनक टिकाऊ बदल वाटतो. ज्याला लोकल नाकारली गेली आणि बसच्या रांगेत उभे राहणे परवडले नाही, त्याने कर्ज काढून किंवा जुनी गाडी घेऊन स्वतःची सोय केली. हप्ते भरून झाल्यावर तो रेल्वेकडे सहजासहजी परतत नाही. सार्वजनिक वाहतूक काही महिने बंद ठेवण्याचा परिणाम रस्त्यावरील कोंडीत आणि अपघातांत पुढची अनेक वर्षे दिसतो.

या शहराला साथीने बदलण्याची ही पहिली वेळ नव्हे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले, आणि पुढच्या काही महिन्यांत, त्या वेळी सव्वाआठ लाखांच्या घरात असलेल्या मुंबईतून जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. उरलेल्या कामगारांना टिकवण्यासाठी गिरण्यांना रोजच्या रोज मजुरी देण्याची वेळ आली. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली, १८९७ चा साथरोग कायदा झाला, आणि २०२० मध्ये राज्य सरकारने टाळेबंदीचे आदेश काढले ते हाच कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधाराने. पळून गेलेली माणसे यथावकाश परतली. मात्र १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने केलेला बदल कायम राहिला: दाटीच्या वस्त्यांतून काढलेले प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते, आणि दादर-माटुंगा-शीवकडील नव्या वसाहती. मध्यमवर्ग उत्तरेकडे राहायला गेला, नोकरी दक्षिणेकडेच राहिली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली तेव्हा तिला प्रवासी आयते होते. आजच्या लोकलच्या गर्दीचे एक मूळ प्लेगनंतरच्या या फैलावात आहे. लोकांची भीती काही वर्षांत ओसरली. ट्रस्टने घातलेले रस्ते आणि पाडलेले भूखंड शंभर वर्षांनंतरही आपल्या प्रवासाची दिशा ठरवत आहेत.

२०२० च्या साथीतून धडा घेऊन मात्र आपण असे फारसे काही बांधले नाही. कार्यालयांच्या वेळा वेगवेगळ्या करण्याची सूचना जुनी आहे. मध्य रेल्वेने २०२३ च्या अखेरीस स्वतःच्या मुंबईतील कार्यालयात दोन वेळा लागू केल्या आणि इतर आस्थापनांनाही तसे आवाहन केले, पण साथीत मिळालेली सार्वत्रिक सुधारणेची संधी निसटली होती. ज्या बेस्टने त्या महिन्यांत शहर तोलून धरले, तिचा स्वतःच्या मालकीचा ताफा आटत गेला, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवरून १० झाले. पुढच्या साथीत लोकल पुन्हा मर्यादित करावी लागली, तर पर्याय म्हणून उभी राहणारी बस आज २०२० पेक्षा कमी आहे.

नियोजन करणाऱ्यांनी, माझ्या मते, तीन कामे आताच हाती घ्यावीत. पहिले, प्रवासाची परवानगी पदनाम पाहून न देता काम पाहून देण्याची यादी साथ नसताना तयार ठेवावी, आणि तीत रुग्णालयाच्या डॉक्टरांबरोबर तिथली कंत्राटी सफाई कामगार, औषध दुकानातील नोकर आणि वृद्धांची देखभाल करणारी बाई यांची नावे असावीत. दुसरे, एखाद्या क्षेत्राचे काम उघडण्याचा आदेश आणि त्या क्षेत्रातील कामगारांना वाहतूक देण्याचा आदेश एकाच दिवशी, एकाच कार्यालयातून निघावा. तिसरे काम सर्वेक्षणाचे आहे. आपली घरोघरची प्रवास सर्वेक्षणे आजही 'नेहमीचा कामाचा दिवस' धरून प्रश्न विचारतात. आता घरातील प्रत्येकाला आठवड्यातील कोणकोणत्या दिवशी, किती वाजता आणि कशाने प्रवास केला हे विचारले पाहिजे, पायी केलेली लहान फेरीही नोंदवली पाहिजे, आणि उत्तर घरातील कर्त्या पुरुषाकडून न घेता ज्याचा प्रवास त्याच्याकडूनच घेतले पाहिजे.